पांढऱ्या चादरीखाली

टेबलावर तीन चौकोनी केक होते: चौदा इंची, दहा इंची आणि सहा इंची. त्यांच्या शेजारी पातेलंभर क्रीम, चॉकलेटच्या सहा लाद्या, स्टीलच्या डब्यात मलई, दोन लांब सुऱ्या, माझा थर्मामीटर आणि रुपरावजींचा डावा हात. उजवा हात त्यांनी टेबलाखाली मांडीवर धरून ठेवला होता.

भट्टीवरच्या कवडूने तिथूनच विचारलं, "रुपरावजी, केक कराचा आहे का त्याच्याशी सोयरीक जमवाची आहे? कव्हाचे पाहूनच राहिले."

"तू आपली पावं पाह्य गा," रुपरावजी म्हणाले. "मी आन मॅडम विचार करून राहिलो."

मॅडम म्हणजे मी. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाल्यावर शाळेत नोकरी मिळेपर्यंत मी नागपूरच्या जरीपटक्यातल्या या बेकरीत कारकुनी करत होते. हा १९८३चा मार्च. हिशोब दुपारपर्यंत संपत. उरलेला वेळ मी आतल्या खोलीत रुपरावजींचं काम बघत बसे.

नरखेडकडच्या एका खेड्यातून ते सतराव्या वर्षी नागपुरात आले, आधी ट्रे धुतले, मग केक सजवायला लागले आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं तेच करत राहिले. जरीपटक्यातल्या कित्येक पोरांची नावं शाळेच्या हजेरीवर येण्याआधी त्यांच्या हातून केकवर लिहिली गेली होती. मागच्या दिवाळीपासून उजवा हात थरथरू लागला. घरी पत्नी गोपिकाबाई आता त्यांच्या चहाचा कप अर्धाच भरतात, हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका लग्नाच्या केकच्या कडा वाकड्या झाल्या. मालक मनोहरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी रुपरावजींना बिस्किटांच्या काउंटरवर बसायला सांगितलं. खुर्ची होती, डोक्यावर पंखा होता. रुपरावजींनी आणखी एक केक मागून घेतला. तो हा. एका कापड व्यापाऱ्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती, शनिवारी संध्याकाळी हॉलवर केक जायचा होता. कडा सरळ आल्या तर टेबल रुपरावजींचं. नाही तर सोमवारपासून काउंटर.

अडचण मला तेव्हा अशी समजली होती. पिठीसाखर आणि ग्लुकोज मळून लाटलेली पांढरी चादर केकवर घालतात. ती पातळ असते, खालचा प्रत्येक उंचवटा दाखवते. म्हणून आधी केकला सगळीकडून लोणी-साखरेचं क्रीम लावून तो आरशासारखा सपाट करावा लागतो. ज्याचा हात स्थिर आहे तो एकदा सुरी फिरवतो आणि सोडून देतो. रुपरावजींच्या सुरीमागे लाटा उठत. त्या घालवायला ते पुन्हा सुरी फिरवत, तोवर मार्चच्या उकाड्यात क्रीम आणखी मऊ झालेलं असे आणि लाटा वाढत. मला तो हाताचा प्रश्न वाटेना. वेळेचा वाटे.

मग एकदा बोलता बोलता गनाश निघालं. सदर भागातल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती उस्तादाने त्यांना ते शिकवलं होतं: मलई तापवायची, किसलेल्या चॉकलेटवर ओतायची, चमचा हळू फिरवत एकजीव करायची. नाताळात ते केकवर वरून ओतत. थंड झालं की घट्ट होई. मी विचारलं, मग हेच क्रीमच्या जागी चादरीखाली का लावत नाही?

ते म्हणाले, "पांढऱ्याखाली काळं कोन लावते वं? लग्नाचा केक, वाढदिवसाचा केक. शुभ कामात काळं कायले?"

एवढंच कारण होतं. आम्ही उरलेल्या लहान केकवर प्रयोग सुरू केले. मलई आणि चॉकलेट सारखं घेतलं तर दुसऱ्या दिवशीही ते शिऱ्यासारखं राहिलं. मलईच्या दुप्पट चॉकलेट घेतलं तेव्हा सकाळी बोट दाबूनही ठसा उठला नाही. खोलीत तेव्हा तीस अंश होते. चॉकलेट तोंडात विरघळतं, म्हणजे तेहेतीस-चौतीसला ते गेलंच. तीन-चार अंशांची जागा मला फार अपुरी वाटली. ती वाढवायला म्हणून मी तो लहान केक, वर चादर घालून, नव्या खसच्या कूलरसमोर ठेवला. पारा चार अंशांनी उतरला. तासाभरात चादरीला घाम फुटला, ती चिकट झाली आणि एका बाजूने घसरली. कूलरची हवा गार असते तशीच ओलीही असते आणि साखर पाणी ओढून घेते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं.

"मॅडमनं केकले आंघोळ घातली," कवडू दोन दिवस येईल त्याला सांगत होता.

तर शुक्रवारी सकाळी टेबलावर क्रीमही होतं आणि चॉकलेटही. लहान केकवर जमलं म्हणजे चौदा इंचांवर जमेल असं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी रुपरावजींनी उजवा हात वर आणला आणि क्रीमचं पातेलं बाजूला सारलं.

त्या दिवशी त्यांनी फक्त गनाशचा जाड थर थापला. सपाट करण्याचा प्रयत्नही केला नाही. मी कडांकडे बघत राहिले. त्या शेणाने सारवलेल्या ओट्यासारख्या दिसत होत्या. मी तसं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, सारवण वाळू दे.

शनिवारी सकाळी थर घट्ट झाला होता. त्यांनी सुरी गरम पाण्यात बुडवली, फडक्याने पुसली, मनगट डाव्या हातात धरलं आणि कडेवरून सुरी खाली ओढली. हात थरथरत होताच. पण सुरीला आता मऊ काही सापडत नव्हतं. एका ओढीत जेमतेम नखाएवढी पापडी निघे. ते थांबत, दम घेत, पुन्हा सुरी बुडवत. लाट उठली की ती तिथेच उभी राही आणि दुसऱ्या ओढीत निघून जाई. त्यांनी एक कडा पूर्ण केली आणि टेबलाला टेकून उभे राहिले.

"क्रीम नाई थांबत वं," ते म्हणाले. "हे थांबते माह्यासाठी."

दहाच्या सुमारास मनोहरराव आत आले आणि दारातच उभे राहिले.

"हे काय करून राहिले रुपरावजी? पंचविसावं वर्ष आहे त्यांचं. आन आतून काळा केक?"

"तपकिरी आहे."

"कापल्यावर लोकाइले काळंच दिसन."

"कापल्यावर दिसन. तोवर फोटो निघाले असतीन."

मनोहररावांना हसू आलं, पण ते तसेच फोनकडे गेले. आम्ही दोघं हातातलं काम सोडून ऐकत होतो. व्यापाऱ्याच्या बायकोने तिकडून एकच विचारलं, असं त्यांनी नंतर सांगितलं: खरं चॉकलेट आहे का? मग पोरं खूश होतील. मनोहररावांनी फोन ठेवला. पोरं खूश होवोत न होवोत, आपल्याला कडा पाहायच्या आहेत, म्हणाले. आणि आता नाही, चार वाजता, उकाडा चढल्यावर.

चादर नेहमीपेक्षा थोडी जाड लाटावी लागली, नाही तर खालचा रंग वर येत होता. ती उचलताना रुपरावजींनी बोटं वापरलीच नाहीत. दोन्ही कोपरांपर्यंतचे हात चादरीखाली सरकवले, तान्हं पोर उचलावं तशी उचलली आणि केकवर सोडली. कवडू भट्टी सोडून बघायला आला होता. मग रुपरावजींनी तळहातांनी बाजू बसवल्या आणि तिन्ही केक एकावर एक चढवले. कूलर बंद ठेवला होता. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

चारला मनोहरराव स्टीलची पट्टी आणि एक कोरं पोस्टकार्ड घेऊन आले. पट्टी कडेला उभी लावायची आणि मधल्या फटीत पोस्टकार्ड सरकवून बघायचं, आत गेलं तर कडा वाकडी, ही त्यांची रीत. रुपरावजी दोन्ही हात मागे बांधून भिंतीशी उभे राहिले. मनोहररावांनी पट्टी मला धरायला सांगितली.

थर्मामीटरवर एकतीस अंश होते. तीन केकच्या मिळून बारा कडा. अकरा ठिकाणी पोस्टकार्ड गेलं नाही. बाराव्या ठिकाणी त्याचा कोपरा गेला, पाव इंच. मनोहररावांनी पोस्टकार्ड खिशात घातलं आणि म्हणाले, "टेबल तुमचंच, रुपरावजी."