पाचवी सही

आमच्या भागातला विरोधी पक्ष म्हणजे माझ्या शिवणाच्या दुकानातलं मागचं बाकडं. त्यावर पाचच माणसं मावतात, आणि आम्ही पाचच आहोत. बेकरीवाला, वायरमन, औषधवाला, शेजारचा घड्याळवाला आणि मी. नगरसेवक दोनदा बिनविरोध निवडून आला. यंदा मात्र निवृत्त मुख्याध्यापिका बाई उभ्या राहणार होत्या. फॉर्मवर भागातल्या पाच जणांच्या सह्या लागतात, शनिवार शेवटचा दिवस, आणि सही करायला सहावा माणूस काही धजावेना. म्हणून तोवर कुणाकडे ब्र काढायचा नाही, असं ठरलं होतं.

सोमवारी बाई नव्या जाकिटाचं माप देऊन गेल्या. मी कापडाला चिठ्ठी टाचून ते खुंटीला लावलं. तारखेबरोबर निमित्तही लिहायची माझी जुनी सवय. लग्न, मुलाखत, निरोप समारंभ. निमित्त डोळ्यांसमोर असलं की काम रखडत नाही. तीस वर्षांत एकाही नवरदेवाला मी तिष्ठत ठेवलेलं नाही, विचारा कुणालाही!

मंगळवारी सकाळी नगरसेवक पुष्पगुच्छ घेऊन बाईंच्या दारात हजर. "शनिवारी फॉर्म भरताय म्हणे. जावईबापू पालिकेतच नोकरीला ना? बरं चाललंय ना त्यांचं?"

बाई तडक दुकानात आल्या. "मास्तर, कुणीतरी फोडलं," एवढंच म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. बेकरीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण तो दोन दिवस तापानं आडवा होता. वायरमन परगावी. औषधवाला तर स्वतःच्या बायकोशीही मोजून बोलतो. मग आठवलं. सोमवारी संध्याकाळी घड्याळवाला नगरसेवकाच्या ऑफिसातून बाहेर पडताना मी पाहिला होता. झालं, मनात पाल चुकचुकली.

त्याला आम्ही टिकटिक म्हणतो. सव्वीस वर्षांची दोस्ती. माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला रोज न सांगता चावी देतो आणि माझा अर्धा चहा न विचारता पितो.

बुधवारी विचारलंच, "काय रे, त्याच्या ऑफिसात काय काम काढलंस?"

"घड्याळ बंद पडलं होतं त्याचं. मोठ्या प्रेमानं चहा पाजला."

चहा पाजला! घरी बायकोला सांगितलं, तर म्हणते, "तुम्हाला आरशातल्या माणसाचाही संशय येईल." मी ऐकतोय थोडाच. टिकटिकला एकट्याला गाठून थाप मारली, "गुरुवारीच भरतोय फॉर्म." आणि गुरुवारी निवडणूक कचेरीसमोर दोन तास उन्हात उभा राहिलो. नगरसेवकाचं चिटपाखरूही फिरकलं नाही. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. मला वाटलं, बेटा हुशार आहे, सापळा ओळखला!

त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर बोललो. "आपल्यात घरभेदी आहे. त्यांचा चहा पितो आणि आपल्या बाकड्यावर बसतो."

टिकटिकनं कप खाली ठेवला. "माझ्याकडे बघून बोल."

"तुझ्याकडे बघूनच बोलतोय."

"मग माझी सही तरी कशाला हवी?" म्हणाला आणि उठून गेला.

 मग वायरमननं हळूच विचारलं, "मास्तर, चार सह्यांवर घेतात का हो फॉर्म?"

शुक्रवारी नगरसेवकाचा ड्रायव्हर आला. "पँट झाली का माझी? की आधी बाईंचं जाकीट?"

"कुठलं जाकीट?"

"हे काय!" त्यानं खुंटीकडे बोट केलं. "सोमवारी पँट टाकायला आलो, तेव्हाच वाचलं. अक्षर झकास आहे बुवा तुमचं."

चिठ्ठीवर माझ्याच हातानं लिहिलेलं होतं: 'बाई. फॉर्म भरणे. शनिवार, सकाळी दहा.'

ड्रायव्हर गेल्यावर मी ती चिठ्ठी काढून बायकोपुढे धरली. बायको काजं करत होती. "काखेत कळसा..." एवढं म्हणाली आणि गप्प झाली. टोमणा अर्धा सोडायची तिची रीत नाही, इतका मी केविलवाणा दिसत असेन.

शेजारच्या दुकानात गेलो. टिकटिक डोळ्याला भिंग लावून बसला होता. मी सगळं सांगून टाकलं. त्यानं मान वर केली नाही.

"ठाऊक आहे. काल बैठकीआधी चावी द्यायला आलो, तेव्हा वाचली चिठ्ठी."

"मग बोलला का नाहीस रे?"

"चारचौघांत तुझं हसं झालं असतं. सगळे गेल्यावर सांगणार होतो," तो म्हणाला. "पण आधी तूच बोललास."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सहीचं विचारायची हिंमतच झाली नाही.

शनिवारी दहा वाजता निवडणूक कचेरीत आम्ही चौघांनी सह्या केल्या. पाचवी ओळ कोरी. नवं जाकीट घालून बाई ताठ बसल्या होत्या, पण हातातली पर्स सारखी उघडमीट करत होत्या. अकराला पाच मिनिटं असताना टिकटिक आला. माझ्याकडे न बघता सही केली, बाईंना म्हणाला, "पाडा त्याला," आणि निघाला.

फॉर्म स्वीकारला गेला. बेकरीवाला नाचायचाच बाकी होता. मी मात्र जिन्यापर्यंत धावलो.

"टिकटिक, अरे चल, चहा घेऊ."

तो दोन पायऱ्या उतरून थांबला. "नको रे," म्हणाला. "उद्या तुझं काही फुटलं, तर म्हणशील चहा प्यायला होता."