चौकटीतली ताजी भोकं

"पुष्पा, शनिवारी देवाला तेल वाहिल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई. आन मी असंन-नसंन, या चौकटीला दार लावायचं न्हाई. कुत्र्यापुरती फळी टेकव, बास."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी पुष्पावतीच्या कानात हा आवाज तसाच होता. शनिशिंगणापुरातलं घर, दार नसण्याचं तिला कधी नवल वाटलं नाही. सासूबाईंना दिलेला शब्द तिने पाळला होता. फळीचा आणि शनिवारच्या मौनाचाही.

म्हणून त्या शनिवारी सडा टाकताना चौकटीकडे नजर गेली आणि ती बादली खाली ठेवून जवळ गेली. एका बाजूला वर-खाली बिजागरीची भोकं! आतलं लाकूड पांढरंधोप. काल दिवेलागणीला तर ही नव्हती.

त्याच आठवड्यात वादळाने पडवीचे पत्रे उचलून पलीकडच्या उसात टाकले होते, पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा सोलून काढला होता. घराचा विमा उतरवलेला होता, तेवढाच धीर. आज विमा कंपनीचा माणूस पाहणीला यायचा होता. पैसे मिळाले तर पावसाळ्याआधी घर झाकलं जाणार, नाहीतर उघड्या विटा भिजत राहणार. आणि नेमकी आजच ही भोकं?

पहिला संशय गेला शेजारच्या रंगुबाईवर. वादळापासून तिचा एकच धोशा, "आता तरी दार बसव गं, काळ बदललाय." पण रंगुबाईच्या हातून भिंतीत खिळा सरळ जात नाही, ती असलं सुबक काम काय करणार?

चहा गाळता गाळता पुष्पावतीने लेकाकडे पाहिलं. एरवी आईचं मौन म्हटलं की ओंकारला चेव यायचा. "आज घर कसं गार गार वाटतंय!" म्हणायचा. आज खाली मान. त्याच्या बाहीला लाकडाचा भुसा चिकटला होता. तिने तो बोटावर घेतला आणि बोट त्याच्यासमोर धरलं.

"आई, ऐकून घे," तो पुटपुटला. "विम्याचा एजंट म्हन्ला, बिनदाराच्या घरात वारं शिरून पत्रा उडाला असं कंपनीनं धरलं, तर दमडी मिळायची न्हाई. दार हुतं, वादळात गेलं, असं सांगतो. तू नुसती मान हलव."

तिची नजर पाहून तो चहा तसाच ठेवून बाहेर सटकला.

ऊन तापता तापता विमा कंपनीचे साहेब आले. पत्र्याचे फोटो काढले, भिंत टकटक करून पाहिली, आणि चौकटीपाशी थबकले.

"दार बी वादळात गेलं," मागून येत ओंकार म्हणाला.

"कुठं सापडलं ते?"

"ओढ्यात वाहून गेलं, साहेब."

"पत्रे उसात, दार ओढ्यात! तुमच्या गावात वारं दोन्हीकडं वाहतं वाटतं. आणि शिंगणापुरात दार?"

"आमी जरा सुधारलेले."

साहेबांनी भोकावरून करंगळी फिरवली, तिला लागलेला ताजा भुसा निरखला. "मावशी, तुम्ही सांगा. दार होतं?"

"तिचं शनिवारचं मौन हाय."

"सोयीचं मौन आहे!"

पुष्पावतीला ते लागलं. मान हलवली तर मौन मोडत नव्हतं. घरही झाकलं जात होतं. देवानेच ही पळवाट ठेवली की परीक्षा मांडली, तिला कळेना. समोर लेकाचा केविलवाणा चेहरा.

ती आत गेली. कोपऱ्यातली फळी उचलून आणली आणि रोजच्यासारखी चौकटीला टेकवली. उंबऱ्यावर फळीने घासून घासून पडलेला पट्टा होता. फळी त्यात नेमकी बसली. मग तिने भोकांकडे बोट दाखवलं आणि नाही म्हणून हात हलवला.

ओंकारचे कान लाल झाले.

साहेब बराच वेळ लिहीत राहिले. "पाहिलं तसं लिहिलंय. दार यादीतून खोडलंय. पत्र्याचं, भिंतीचं काय ते वरचे ठरवतील. मी शब्द देत नाही."

खरंच तसं लिहिलं, की पोराचं खोटंही टिपून ठेवलं? त्यांच्या कोरड्या चेहऱ्यावरून तिला काही उमगेना. गाडी वळेपर्यंत ती पाहत राहिली.

"बुडवलंस, आई," ओंकार म्हणाला. मग चौकटीवर अंगठा फिरवत, "खुंट्या मारून बुजवतो ही."

बोलायचं पुष्कळ होतं, रागाचं आणि मायेचंही. ते ओठांआड तसंच धरून पुष्पावतीने तेलाची वाटी उचलली, पदर सावरला, फळी ओलांडली आणि मंदिराच्या वाटेला लागली.