अस्तराच्या चार पट्ट्या

संध्याकाळी सव्वासहाला, वादक चहाला खाली गेले असताना, नाट्यगृहाच्या तालमीच्या खोलीतून एक व्हायोलिन चोरीला गेलं. पेटीसकट. शेजारच्या खुर्चीवरच्या नव्याकोऱ्या ट्रंपेटला चोराने हातही लावला नव्हता.

"म्हणजे चोराला कान आहेत," ट्रंपेटवाला म्हणाला. कुणी हसलं नाही.

व्हायोलिन वाद्यवृंदातल्या ताईंचं. त्यांचे यजमान शिंपी होते. चाळिशी उलटल्यावर त्यांना बायकोकडून व्हायोलिन शिकायची हौस आली. "मला कानाचं कळत नाही. डोळ्याला दिसेल असं माप दे," असं म्हणून त्यांनी स्वतःच टेप लावली, निळ्या अस्तराच्या चार बारीक पट्ट्या कापल्या आणि तारांखालच्या काळ्या फळीवर डिंकाने चिकटवल्या. कुठलं बोट कुठे ठेवायचं त्याच्या त्या खुणा. तिसरी चुकली. केसभर वर गेली. दीड गाणं शिकून झालं आणि गेल्या थंडीत ते गेले. दुकान सोडलं, मशीन दिराकडे गेलं, कपडे वाटून टाकले. त्यांच्या हातच्या पट्ट्या तेवढ्या राहिल्या.

मुरलेल्या वादकाच्या व्हायोलिनवर शिकाऊच्या खुणा! वाद्यवृंदातले चिडवायचे, "ताई, अजून बिगरीत का?" ताई हसून सोडून द्यायच्या. खरं कारण फक्त सेलो वाजवणाऱ्या मामांना माहीत होतं.

चोरीनंतर वर्णन मामांनीच लिहिलं. रंग तपकिरी, हनुवटीपाशी काळा डाग, मुंडीला चीर, सरसाने सांधलेली.

"पट्ट्यांचं लिहू?"

"नको मामा. गावोगावच्या वादकांत हसं होईल."

मामांनी लिहिलं नाही. निरोप या वादकाकडून त्या वादकाकडे फिरत राहिला. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या गावी हॉटेलात व्हायोलिन वाजवणाऱ्या एकाला पोचला. त्याला सगळे लंबू म्हणतात. जुन्या सामानाच्या दुकानात, पंख्यांच्या ढिगामागे, त्याने ती सांधलेली चीर ओळखली.

"तुझं कशावरून? पावती आण," दुकानदार म्हणाला.

लंबू पावतीऐवजी हॉटेलातले सगळे वादक घेऊन आला. ते दुकानाच्या दारात उभे राहून वाजवू लागले. दोन गिऱ्हाइकं आल्या पावली परत गेली. तिसऱ्या गाण्याला दुकानदाराने हात जोडले. "घेऊन जा बाबा ते लाकूड, पण हा तमाशा हलव!"

मामा जाऊन व्हायोलिनची बंद पेटी तशीच घेऊन आले. आज खेळाआधी ताईंनी सगळ्यांसमोर पेटी उघडली. तारा नव्या होत्या. काळी फळी वरपासून खालपर्यंत लखलखीत होती. ट्रंपेटवाल्याने टाळ्या वाजवल्या. ताईंनी फळीवरून एकदा बोट फिरवलं आणि ते तिथेच ठेवलं.

तेवढ्यात लंबूचा फोन आला.

"पोचलं ना ताई? फळी बघितलीत? आरसा केलाय नुसता! कुणीतरी चिंध्या चिकटवल्या होत्या. चोराच्या घरी शिकत असेल एखादं पोर. डिंक निघता निघेना, शेवटी स्पिरिटने घासला."

"हो का?"

"आणि माप तरी धड असावं! तिसरी तर चुकलेलीच."

ताईंनी फळीवरचं बोट उचललं. मग म्हणाल्या, "फार केलंत हो तुम्ही. कोण करतं एवढं?"

फोन ठेवल्यावर मामा हळूच म्हणाले, "सांगू त्याला?"

"कशाला? आनंदात आहे बिचारा. लिहू नका म्हटलं ते मीच."

त्या तारा सुरात लावायला बसल्या. मामा पाणी पिऊन येतो म्हणून जिन्यात गेले आणि त्यांनी लंबूला फोन केला.  सगळं ऐकून लंबू म्हणाला की, चिंध्या त्याने बोळ्यात गुंडाळून हॉटेलच्या कचऱ्यात टाकल्या होत्या. कालचा कचरा मागच्या दाराशी असेल, गाडी येऊन गेली असेल तर नसेल. "बघतो. फोन ठेवू नका... नाही, ठेवा. मीच करतो."

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. पडदा वर गेला तेव्हा मामांचा फोन सेलोशेजारी जमिनीवर, स्क्रीन वर करून ठेवलेला होता. लंबूचा निरोप अजून आलेला नव्हता.