वाघदेवापुढची डहाळी

सकाळी साडेआठला घळीतल्या वाघदेवासमोर शेवंती घोडी उधळली आणि पाठीवरची मोनाली खाली आली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावं मनगट मोडलं. घोडीचा दोर बुधाजीच्या हातात होता.

"घोडं सांभाळता येत नाही तर लोकांना बसवता कशाला?" मोनालीचा नवरा परेश ओरडला. दोघं खांदा कॉलनीतून रविवार घालवायला आली होती.

मोनाली मनगट छातीशी धरून खडकावर बसली होती. तिनं विचारलं, "काका, पण ती आधी थांबली कशाला?"

"सवय हाय तिला," बुधाजी म्हणाला.

सवय त्यानंच लावली होती. बुधाजी डोंगरातला ठाकर. वाघदेवासमोरून कुणी पाठीवर बसून जात नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. शेंदूर लावलेल्या त्या दगडाशी तो पाहुण्यांना उतरवायचा, हिरवी डहाळी देवापुढं ठेवायचा आणि घोडीला म्हणायचा, "चल बाय." मग शेवंती चालायची. शिंगरू असल्यापासून हेच. डहाळी पडल्याशिवाय तिथून पाऊल उचलायचं असतं, हे तिच्या गावीच नव्हतं.

पण मोबाइलवर कुणीतरी तक्रार लिहिली होती: घोड्याचे पैसे घेतात आणि पायी चालवतात. सकाळीच मालक हरेशनं बजावलं, "आजपासून कुणाला उतरवायचं नाय. देव काय आपल्याला ओळखत नाय?"

बुधाजीनं ऐकलं. मोनालीला उतरवलं नाही. डहाळी तेवढी ठेवता आली असती. हातही झाडाकडे गेला होता. पण पाठीवर माणूस बसवून देवाला डहाळी कोणत्या तोंडानं द्यायची? त्यानं हात मागे घेतला. शेवंती उभीच राहिली. मागून परेशचा घोडा येऊन भिडला, आणि बुधाजीनं आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडाला हिसका दिला.

दुपारी हरेश दवाखान्यातून तबेल्यावर आला. बोलण्याआधी घोटभर पाणी प्यायला.

"प्लास्टर घातलंय. पोलिसात जात नाय म्हणाले, पण घोडी ठेवू नका म्हणाले. रोडपालीचा एक जण वरातीला घोडे देतो. टेंपो निघालाय त्याचा."

"वरातीला? शेट, पान सळसळलं तर बुजते ती. बँड, फटाके... मरल."

"शिकंल."

"तिची चूक नाय. मी वडली."

"का वडली?"

"हुबी राहिली म्हनून."

"मंग?" हरेशचा आवाज चढला नाही. "अडली ना? उद्या परत अडंल. तुज्यावर राग नाय माजा, बुधाजी. तू उद्या ये कामाला."

राग असता तर बरं झालं असतं, असं बुधाजीला वाटलं. त्यानं शेवंतीला खरारा केला, खूर साफ केले. खोगीर घातलं नाही. हरेश मोटारसायकल गाठायला पुढं उतरून गेला.

तबेला घळीच्या वरच्या टोकाला, टेंपो यायचा तो खालच्या तोंडाशी. मधली वाट एकच, वाघदेवासमोरून. उतरता उतरता बुधाजीनं कुड्याची डहाळी मोडून घेतली. हाताला ती सवय होती.

दगडाशी शेवंती थांबली.

तिच्या पाठीवर कुणी नव्हतं. उतरवायचं कुणाला हा प्रश्न नव्हता. डहाळी ठेवायची, दोन शब्द बोलायचे, की ती मुकाट खाली गेली असती, थेट टेंपोत. बुधाजी तिच्या मानेशी उभा राहिला. दोर सैल होता. सकाळी हिसका बसला तिथं, ओठाच्या कोपऱ्याशी, रक्त सुकलं होतं. तिनं कान पुढं केले आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

खालून हॉर्न वाजला. मग हरेशची हाक आली.

"बुधाजी! निघाला का?"

"निगालो, शेट!"

ऊन कड्यावर चढत गेलं. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. शेवंती हलली नाही. डहाळी बुधाजीच्या हातात होती.