एका गालाची विद्या

"ज्याला सोताच्या तोंडावर सोताच्या हातानं वस्तरा फिरवता येत न्हाई, तो माणूस सोतंत्र न्हाई. त्याची मान कायम दुसऱ्याच्या हातात."

हे वाक्य शोदमोननं आमच्या दरगोवच्या चहाखान्यात, बाजाराच्या दिवशी, उभं राहून उच्चारलं. उच्चारताना त्याच्या हनुवटीला वर्तमानपत्राचा कपटा चिकटलेला होता. कपट्यावर कापसाच्या विक्रमी पिकाची बातमी होती आणि ती हळूहळू लाल होत चालली होती. दुसरा कपटा कानाखाली होता, तिसरा नाकाच्या शेंड्यावर. नाकाच्या शेंड्यावर दाढी येते हे आमच्या ऐकिवात नव्हतं, पण शोदमोनला विचारणार कोण? विचारलं तर उत्तर मिळायचं, आणि ते जेवणवेळेपर्यंत चालायचं.

सामुदायिक शेती होती तेव्हा शोदमोन तिथं मुकादम होता. शेती मोडली, ट्रॅक्टर मोडले, माणसं रशियात भिंती रंगवायला गेली. भाषण तेवढं शिल्लक राहिलं, ते शोदमोनकडं. गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा असायचा. बोलायच्या आधी तो नाकावर चढवायचा आणि बोलून झालं की खाली सोडायचा. चष्मा वर गेला की चहाखान्यातली निम्मी माणसं उठून गाढवाला पाणी दाखवायला जायची.

आता या वस्तऱ्याच्या मागं कारण होतं. शोदमोनचा धाकटा, दिलोवर, मॉस्कोकडनं लग्नासाठी आला होता. मुलगी वरच्या गावची, मेहरांगेज. आमच्याकडं लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाची दाढी अंगणात, सगळ्या गावासमोर होते. बाया डफ वाजवून गातात, न्हावी मध्येमध्ये वस्तरा थांबवतो, पाहुणे त्याच्यापुढं कापड, मिठाई, अक्रोड टाकतात, मग वस्तरा पुढं सरकतो. ही दाढी झाल्याशिवाय वरात हलत नाही. आणि त्या दिवशी नवऱ्याच्या तोंडावर रक्त दिसलं, तर मुलीकडची माणसं तोंड फिरवतात. मेहरांगेजची आजी बीबी ओयनिसो हिनं तर निरोपच धाडला होता, की माझी नात चिरलेल्या तोंडाच्या घरात जायची नाही.

गावात न्हावी एकच, खोलमुरोद; सगळे त्यांना उस्ता, म्हणजे वस्ताद, म्हणायचे. आणि उस्तांनी वस्तरा खाली ठेवला होता.

ते झालं पाटाच्या पाण्यावरनं. जर्दाळूला पाणी द्यायची पाळी उस्ताची होती. पहाटेचं पाणी भलत्याच बागेत वळलेलं निघालं. उस्ता पाटावर गेले तर बांधावर फावडं घेऊन एक माणूस उभा. उस्तांनी लांबूनच ओळखलं, शोदमोन. खरं तर तो गिरणीवाला नियोझ होता. शेजारच्या बागेतनं मी पाहिलं, आणखी चौघांनी पाहिलं, आणि नियोझला तर ते ठाऊक होतंच. पण उस्ता एकदा बोलले की बोलले.

शोदमोननं साधं "मी न्हवतो" म्हणायचं. पण हे दोन शब्द त्याला कधी जमलेच नाहीत. त्यानं चष्मा चढवला आणि पाणी ही सर्वांची मालमत्ता कशी आहे यावर बोलायला सुरुवात केली. तेव्हा उस्तांनी शपथ घेतली, की या घराच्या तोंडाला माझा वस्तरा लागायचा नाही. आणि ज्या गावानं माझी बाजू घेतली नाही त्या गावाच्याही. धोकटी खुंटीला अडकली. उन्हाळाभर आम्ही सगळे बोकडासारखे फिरत होतो. खिंडीतनं दुपारचा वारा सुटला की पिवळी माती दाढीत बसायची, आणि संध्याकाळी घरोघरी बाया नवऱ्यांच्या दाढ्या गोधडीसारख्या झटकायच्या.

तसं उस्तांचं आधीच काहीतरी बिनसलं होतं. वसंतात त्यांनी नियोझची अर्धी भुवई उडवली. वर म्हणाले, नियोझ हलला. नियोझ तेव्हा खुर्चीत घोरत होता. पण एवढ्या जुन्या उस्ताला कोण काय म्हणणार? भुवईच ती, उगवते.

दिलोवरनं बापाला सांगून पाहिलं, की त्याच्या पिशवीत दाढीचं यंत्र आहे, बटण दाबलं की काम फत्ते. शोदमोननं ते यंत्र हातात घेतलं, चालू केलं, कानाशी धरलं आणि परत दिलं.

"यंत्रानं मेंढ्या भादरत्यात," तो म्हणाला. "माजा पोरगा मेंढी न्हाई."

मग त्यानं ट्रंकेतनं आपल्या बापाचा वस्तरा काढला. म्हाताऱ्यानं तो जर्मनीच्या लढाईतनं आणला होता, लोकरीच्या नमद्यात गुंडाळून ठेवला होता. लग्न पीचच्या हंगामाअखेर होतं, म्हणजे शिकायला वेळ होता. आणि शोदमोनच्या मते शिकण्यासारखं त्यात होतं तरी काय?

पहिला धडा धारेचा. धार चामड्यावर लावतात एवढं त्याला माहीत होतं. त्यानं कमरेचा पट्टा सोडला, तोच, जो कापसाचं उद्दिष्ट गाठलं म्हणून सरकारनं दिला होता, पितळी चांदणीचा. एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि नानवर लोणी फासावं तसा वस्तरा धार पुढं करून ढकलला. वस्तऱ्याची पाठ पुढं ठेवून धार मागनं ओढायची असते, हे त्याला पट्ट्याचे दोन तुकडे झाल्यावर कळलं. चांदणी दाराला लटकत राहिली. तिथनं पुढं शोदमोनची विजार पोत्याच्या सुतळीवर होती आणि वस्तऱ्याला गाढवाच्या खोगिराचा पट्टा लागला. गाढव त्या दिवसापासनं त्याला बघितलं की कान पाडायचं.

दुसरा धडा पीचचा. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की पीचची लव साल न कापता काढता आली की माणसाच्या तोंडाला हात घालावा. शोदमोन सकाळी ओसरीवर बसायचा, पुढ्यात पाटी, आणि एकेका फळाला साबण लावायचा. पहिल्या दिवशी पीचचा मुरंबा झाला. पण माणूस चिवट. पुढं पुढं फळं तुळतुळीत निघायला लागली. त्याची बायको सनोबर ती वाया घालवणारी नव्हती. तिनं ती धुऊन सडकेवर मांडली आणि ट्रकवाल्यांना सांगितलं, नवी जात आहे, बिनलवीची. ट्रकवाले कलमं मागायला लागले. ती म्हणाली, आधी दिलोवरचं लगीन होऊ द्या.

पीचनं शोदमोनला एक खोड मात्र लावली. फळ हातात गरगर फिरतं. हात जिथल्या तिथं ठेवायचा आणि फळ फिरवायचं. तोंड तसं फिरवता येत नाही हे त्याच्या लक्षात यायला माणूस हवा होता. स्वतःच्या तोंडावर त्यानं करून पाहिलं होतं, ते कपटे आपण पाहिलेच. आरशात डाव्याचं उजवं होतं, आणि उजव्याचं शोदमोन होतं.

माणूस म्हणून नियोझ मिळाला. गावात दुसरा कुणी तयार नव्हता, आणि नियोझला पाटावरचं पाणी आठवत होतं. शोदमोननं बोलावलं तसा तो बळीच्या मेंढ्यासारखा आला आणि बसला. शोदमोननं त्याच्या उजव्या बाजूला उभं राहून उजवा गाल केला. खरं सांगायचं तर चांगला केला. एक थेंब आला नाही. नियोझ उठला, गालावरनं हात फिरवला आणि म्हणाला, झालं, माझं पाप फिटलं. कसलं पाप ते शोदमोननं विचारलं नाही. नियोझनं डावा गाल तसाच घरी नेला आणि पुढं कितीही बोलावलं तरी आणला नाही.

अशी शोदमोनची विद्या एका गालाची झाली. पण त्याला वाटलं, तोंड म्हणजे काय, असाच दुसरा गाल. त्यानं चहाखान्यात जाहीर केलं की न्हाव्याची गरज संपली.

लग्नाचा दिवस उजाडला. अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली खुर्ची मांडली. पुलावाची कढई रटरटत होती. कोपऱ्यात बाया डफ शेकत होत्या. गाव झाडून आलं होतं, उस्तासुद्धा. लग्नाच्या जेवणाला न बोलावणं आमच्यात होत नाही आणि बोलावल्यावर न येणं त्याहून होत नाही. उस्ता जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या शेवटच्या टोकाला बसले होते. आत येताना त्यांनी दाराजवळच्या रांजणाला हात छातीशी नेऊन सलाम केला होता. लोक म्हणाले, रागात आहेत, माणसांकडं बघत नाहीत. बीबी ओयनिसो सगळ्यात पुढच्या गादीवर होती. मुलीच्या आजीनं इथं यायची रीत नाही, पण बीबीला रीत सांगायची छाती कुणाची होती?

दिलोवर खुर्चीत बसला. पोरगं मॉस्कोत दहाव्या मजल्यावर दोरीला लटकून रंग देतं, पण त्या दिवशी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलं होतं. शोदमोननं चष्मा चढवला, वस्तरा उघडला, लोकांना वाटलं आता भाषण. पण त्यानं मुकाट्यानं उजवा गाल केला. मध्येच सुतळीला हात घालून विजार सावरली, परत वस्तरा फिरवला. गाल लखलखीत. बायांनी डफ वाजवला. बीबीनं मान पुढं काढून बघितलं आणि मान मागं घेतली, म्हणजे पसंत.

रीतीप्रमाणं तो थांबला. एकानं रुमाल टाकला, एकानं खडीसाखर. मग शोदमोन डाव्या बाजूला गेला.

हात पुढं केला. हात उलटा पडत होता. त्यानं डोकं वाकडं केलं. मग दिलोवरचं डोकं पीचसारखं फिरवायला धरलं, ते मानेपाशी अडकलं. त्यानं वस्तरा टेकवला आणि उचलला. थांबला.

लोक हसले. वा, शोदमोन रीत जाणतो. लांब अंगरख्याचं, चोग्याचं कापड आलं. शोदमोन कपाळ पुसून परत वाकला, परत थांबला. अक्रोडाची थैली आली. परत थांबला. कुणीतरी चहादाणी टाकली. बाया तेच कडवं पुन्हा पुन्हा गात होत्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, बाई, हा वस्तरा हाय का जकातीचा नाका. पायाशी ढीग वाढत होता. पुलाव खाली लागल्याचा वास यायला लागला. दिलोवरच्या डाव्या गालावरचा फेस वाळून पापडी झाली होती.

बीबी ओयनिसो म्हणाली, "आता काय गाय बांधू ह्याच्याम्होरं?"

दिलोवर ओठ न हलवता बोलला, पण बीबीच्या बोलण्यानं डफ थांबले होते, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "बाबा, उस्ताकडं जावा. न्हाईतर मी ह्या अर्ध्या तोंडानंच वरात काढतो. मेहरांगेज अर्धंच वळखंल."

शोदमोन वस्तरा धरून उभा राहिला. पोराच्या गालाकडं बघितलं, बीबीकडं बघितलं. मग चष्मा नाकावरनं खाली सोडला आणि अंगण ओलांडून दस्तरखानाच्या टोकाला गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो चष्म्याशिवाय बोलला.

"उस्ता, पाणी मी घेतलं न्हवतं."

उस्तांनी पुढ्यातला नान मोडायला घेतला.

"पन घेतलं आसं समज," शोदमोन म्हणाला. "आन् माज्या पोराचा डावा गाल कर."

नियोझला त्याच वेळी ठसका लागला आणि तो बराच वेळ टिकला.

गाव उस्तांकडं बघत होतं. कबुली मिळाली होती, तीही भर लग्नात, तीही खोटी. याहून मोठा मान कुठल्या न्हाव्याला मिळतो? मला वाटलं उस्ता फुलतील. ते उलट इवलेसे झाले. म्हणाले, शपथ घेतलीया. कुणीतरी म्हणालं, आता सुटली. म्हणाले, धोकटी घरी हाय. माझ्या शेजारचा माणूस पळत गेला आणि धोकटी घेऊन आला. म्हणाले, हात खराब झालेत. सनोबरनं पाणी आणि साबण आणला. म्हणायला काही उरलं नाही तेव्हा ते उठले.

पण उस्ता ते उस्ताच. खुर्चीपाशी येईपर्यंत त्यांची पाठ सरळ झाली होती. त्यांनी बाह्या सारल्या. म्हणाले, "ह्या हातानं मी ह्या गावची तीन पिढ्या तोंडं केली. ज्यांच्या मिशांना लोक भ्यायचे त्येंच्या मिशा माज्या चिमटीत हुत्या. सोनाराला सोनं कळतं, मला कातडी कळती. मुकादम येत्यात जात्यात, गाव उस्तामुळं गाव दिसतं." वस्तरा उघडला, उन्हात चमकला. खोगिराच्या पट्ट्यावर पाठ पुढं करून तो असा सटासटा ओढला की गाढवानंही मान वर केली. बायांनी डफ उचलले. बीबी गादीवर पुढं सरकली. उस्तांनी "बिस्मिल्ला" म्हणून दिलोवरच्या गालावर बोटं ठेवली, उजव्या गालावर. चाचपलं, दचकले, दुसऱ्या बाजूला गेले.

मग वाकले. आणखी वाकले. नाकाला फेसाची पापडी लागेपर्यंत वाकले. दिलोवरनं डोळे मिटून घेतले. वस्तरा हवेत थांबला, आणि या वेळी कुणी काही टाकलं नाही.

उस्तांनी मान न वळवता हळूच हाक मारली.

"शोदमोन, तुजा त्यो चष्मा जरा दे बाबा हिकडं."