स्वतंत्र मताची झेरॉक्स

कॉलेजातल्या पोरांना स्वतःचं मत असायला हवं, असं शहाडच्या त्या कॉलेजने कागदावर लिहून दिलं होतं. सर्वसाधारण शिक्षण नावाचा विषय, आर्ट्स-कॉमर्स-सायन्स सगळ्यांना सक्तीचा. त्याची अध्ययन निष्पत्ती क्रमांक चार: ‘विद्यार्थी स्वतंत्र मत मांडतो व प्रश्न विचारले असता त्याचे समर्थन करतो.’ आता मांडतो की नाही, हे मोजायचं. ते काम विनिता साळवेकडे आलं आणि तिने एक मूर्खपणा केला. तिने खरोखरच मोजलं.

तोंडी परीक्षा होती. विषय उल्हास नदीचं प्रदूषण. नदी कॉलेजच्या गच्चीवरून दिसते, वास तर वर्गातच येतो. पोरं एकेक करून आली आणि गाइडमधला उतारा घडाघडा म्हणून गेली. विनिताने मध्येच थांबवून “असं का वाटतं तुला?” एवढं विचारलं की गाडी बंद. पोरं छताकडे बघायची. विनिताने त्यांच्यापुढे ‘अप्राप्त’ लिहिलं. सत्तर टक्के पोरांनी निष्पत्ती गाठली, म्हणजे प्राप्ती सत्तर टक्के, असं दाखवायचं हे कॉलेजात आधीच ठरलेलं होतं. तिचा आकडा आला एकतीस.

गुणवत्ता कक्षाचे कुंडलिक भोईर सर स्टाफरूममध्ये आले तेच कपाळाला हात लावून.

“मॅडम, एकतीस? परीक्षा घेतलीत का सूड घेतलात?”

“सर, जे आलं ते लिहिलं.”

“जे आलं ते लिवायला कशाला पायजे माणूस? मूल्यांकनाची समिती पुढच्या महिन्यात येतेय. आधी आकडा धरायचा, मग मार्क खाली वाटत यायचे. सगळीकडं असंच चालतं.”

“मग परीक्षा कशाला घ्यायची?”

“फोटो काढायला,” भोईर सर म्हणाले. चेष्टा करत नव्हते.

विनिता तासावर शिकवायची. नेट पास, तरी दर जूनला नवा आदेश आणि एप्रिलला घरी बसा. कल्याणला कोळसेवाडीच्या चाळीत लोक तिला प्रोफेसर म्हणायचे, आणि सुट्टीत ती शेजाऱ्यांच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची. यंदा पहिल्यांदाच पूर्णवेळ जागा निघाली होती. ती तिला द्यायचं प्राचार्या माया मॅडमनी तोंडाने कबूल केलं होतं. आदेश मात्र समिती येऊन गेल्यावर.

माया मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत. चढवायची गरज पडत नसे.

“विनिता, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण आपण एका संस्थेत काम करतो. भोईर सर सांगतील तशी फेरपरीक्षा घ्या. आणि हो, ते पूर्णवेळचं माझ्या डोक्यात आहे बरं का.”

विनिता “हो मॅडम” म्हणाली.

भोईर सरांनी नमुना मत लिहून काढलं. ‘माझ्या स्वतंत्र मते नदीच्या प्रदूषणास नागरिकांचा निष्काळजीपणा जबाबदार आहे. नदीत निर्माल्य टाकणे, कपडे धुणे, गुरे धुणे...’ त्यात चार मुद्दे आणि चार गुण. त्याच्या झेरॉक्स काढून विनिताने वर्गात वाटल्या.

संचिता मढवीने हात वर केला. नदीकाठच्या गावातली पोरगी. बोलायला लागली की समोरचा प्राचार्य आहे की पानवाला, हे बघायची नाही.

“मॅडम, हे स्वतंत्र मत सगळ्यांनी सेम टू सेम पाठ करायचं?”

“अगं स्वतंत्र आहे ना, कॉमा इकडेतिकडे चालेल!” मागून सर्वेश ओरडला. वर्ग खिदळला.

“पाठ करा,” विनिता म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

फेरपरीक्षेला भोईर सर शेजारी खुर्ची टाकून बसले. पोरं आली, म्हणाली, गेली. पहिल्या परीक्षेत संचिताने विनिताशी भांडभांडून आपलं म्हणणं मांडलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते. आताही ती तेच बोलली. झेरॉक्समधलं एक अक्षर नाही.

“चार मुद्द्यांपैकी किती आले? एकपण नाय,” भोईर सर म्हणाले. “शून्य. लिवा.”

विनिताचं पेन कागदावर टेकलेलं होतं. भोईर सर वाट बघत होते. तिने शून्य लिहिलं.

“बरी सापडली ही,” संचिता गेल्यावर ते म्हणाले. “एखादी नापास असली की यादी खरी वाटते.”

समिती आली त्या दिवशी गेटवर रांगोळी, नवी कुंडी, नवा झाडू. हॉलमध्ये निवडक पोरं टाय लावून बसवलेली. ज्यांना नीट बोलता येत नाही त्यांना सुट्टी, आणि ज्यांना जरा जास्तच बोलता येतं त्यांनाही सुट्टी. पण ऐनवेळी मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. शिपायाने लायब्ररीत बसलेली पोरं उचलून आणून तिथे भरली. त्यात संचिता आली. विनिताला ती दिसली. भोईर सरांनाही दिसली, पण तोवर समिती दारात होती.

समितीचे अध्यक्ष मूळचे नागपूरचे, मराठीत बोलायला लागले.

“निष्पत्ती चार वाचली. प्राप्ती चौऱ्याऐंशी टक्के. फार छान. तर नदीच्या प्रदूषणावर मत सांगेल कोणी?”

पहिल्या रांगेतला आर्यन उठला. “माझ्या स्वतंत्र मते नदीच्या प्रदूषणास नागरिकांचा निष्काळजीपणा जबाबदार आहे.” घडाघडा.

“आणखी कोणी?”

उर्वी उठली. “माझ्या स्वतंत्र मते नदीच्या प्रदूषणास...”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “बरं. याच्या उलट मत असलेलं कोणी आहे?”

भोईर सरांनी सगळ्याची तयारी करून घेतली होती. चहा, शाल, नारळ, फोटो. उलट मत पाठ करून घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माया मॅडमचं हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं.

“माझं आहे,” मागून आवाज आला.

भोईर सर हाताने ‘बस, बस’ करत होते. संचिता बसली नाही.

“सर, आमच्या गावाने आजा-पणज्यापासून नदीत निर्माल्य टाकलंय, गुरं धुतलीत. तेव्हा मासे होते. आता मासे गेले आणि पाण्याला फेस येतो. फुलांना फेस येत नाय.”

“तेव्हा लोकवस्ती कमी होती,” अध्यक्ष म्हणाले.

“ते बरोबर आहे. वस्ती वाढली, गटारं नदीत सोडली, त्यात आम्हीपण आलो. पण सर, काठावर बोर्ड लावलाय तो आम्हालाच. कपडे धुऊ नका, दंड होईल. वरून कारखान्यांचं रंगाचं पाणी येतं, तिकडं कुठला बोर्ड आहे? दोष वाटायचा तर सगळ्यांना वाटा. बाईच्या धुण्यावरच का?”

“वा!” अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. “हीच तर निष्पत्ती चार. नाव काय तुझं? किती गुण मिळाले?”

“संचिता मढवी. शून्य.”

कुणीतरी खोकलं.

“शून्य?”

“याच मताला. मी झेरॉक्स पाठ केली नव्हती.”

अध्यक्षांनी माया मॅडमकडे पाहिलं. माया मॅडमनी शांतपणे मान वळवली. “विषयशिक्षिका इथेच आहेत. विनिता, काही गैरसमज झालाय का?”

गैरसमज. शब्द तयार करून हातात दिला होता. नुसतं ‘हो’ म्हणायचं, पोरगी खोटी ठरवायची, जूनला पूर्णवेळ. विनिता उभी राहिली.

“गैरसमज नाही. शून्य मी लिहिलं. पहिल्या परीक्षेत हिला मी पूर्ण गुण दिले होते. बऱ्याच जणांना दिले नव्हते, कारण त्यांना मत नव्हतं. आकडा एकतीस आला. तो चालणार नव्हता, म्हणून मत वाटलं आणि पुन्हा परीक्षा घेतली. चौऱ्याऐंशी हा पाठांतराचा आकडा आहे, सर.”

आता अध्यक्ष काहीतरी करतील असं विनिताला वाटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“ही अंतर्गत बाब आहे. संस्थेने बघावी,” ते म्हणाले. “लायब्ररी पाहायची आहे ना आपल्याला?”

सगळे लायब्ररीकडे निघाले. चांगली उत्तरं सगळ्यांना आवडतात, त्यांच्यामागचं लफडं कुणालाच नको असतं. दारात भोईर सर विनिताच्या कानाशी आले. “मॅडम, तुमचं स्वतंत्र मत कुनी मागितलं होतं?”

समिती गेल्यावर माया मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं.

“आदेश टाइप झालेला आहे. सही मी आत्ता करते. तुम्ही एवढंच लिहून द्या, की पहिली परीक्षा नियमाबाहेर घेतली होती आणि आज तुम्ही भांबावून बोललात.”

“आणि संचिताचे गुण?”

“ते तसेच राहतील. एकीचे बदलले तर सगळ्यांचे उकरावे लागतील.”

“मग उकरा.”

“विनिता, या जागेसाठी खाली लाइन लागलेली आहे.”

“माहितीय, मॅडम. इतकी वर्षं त्या लाइनीत मीच उभी होते.”

तिने कागद मॅडमकडे परत सरकवला आणि बाहेर आली. जिना उतरताना तिला रडू येत होतं. धाडस केलं म्हणून कुणाचं भाडं माफ होत नाही.

गेटजवळ संचिता उभी होती.

“शिपाई सांगत होता. गेली का जागा?”

“गेली.”

संचिताने सॅक खांद्यावर नीट केली. मग म्हणाली, “मॅडम, राग नका येऊ देऊ. शून्य लिहिताना का नाय बोललात? तेव्हा समोर एकटे भोईर सर होते.”

“घाबरले होते.”

“बस? एवढंच?”

“एवढंच गं.”

संचिताने मान हलवली. माफ केलं असं त्यात काही नव्हतं.

“उद्या मी अर्ज देतेय, गुण परत तपासा म्हणून. वर विद्यापीठात जावं लागलं तरी जाणार. तुम्ही लेखी द्याल?”

“देईन.”

“नक्की? नाय, म्हणजे आज हॉलमध्ये बोललात, उद्या परत ‘हो मॅडम’ कराल.”

“देईन म्हटलं ना.”

“बघू,” संचिता म्हणाली आणि कल्याणला जाणाऱ्या शेअर रिक्षाला हात केला. “येताय? एक सीट आहे अजून.”