एकाच बाटलीची किळस

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, कारण माझी गोष्ट स्वच्छ नाही. मी एक जुना इन्क्युबेटर आहे. म्हणजे माणसाच्या पेशी बशीत वाढवण्यासाठी लागणारं, अंगाइतकं कोमट राहणारं कपाट. कारखान्यात माझं पोलादी पोट घासूनपुसून लख्ख केलं होतं. माझं दार बसवणाऱ्या कामगाराने पाठीवर थाप मारून मला निरोप दिला होता. मग मी प्रयोगशाळेत आलो आणि माझ्या लख्खपणाची वाट लागली.

सुरुवातीला फार कौतुक झालं. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे मोठे सर, माझं दार उघडून दाखवायचे. नव्याची नवलाई संपली आणि मला कोणी विचारेना. आतली हवा दमट राहावी म्हणून माझ्या तळाशी पाण्याचं ताट असतं. ते धुणं कोणाचंच काम नव्हतं. पाण्यावर बुळबुळीत थर आला, दाराच्या रबरात काळी बुरशी बसली. माझं डोकं गरम असतं म्हणून तिथे कोणी ना कोणी ओले मोजे वाळत घालायचं. आत कॅन्सरच्या पेशी आणि वर मोजे! खरं सांगतो, कॅन्सरची मला तितकी किळस आली नाही.

कारण आतलं काम खरोखर मोलाचं होतं. निरोगी पेशी बशीत अंग टाकून सपाट पसरतात आणि शेजारणीला अंग लागलं की वाढायचं थांबतात. कॅन्सरच्या पेशींना ही लाज नसते. त्या एकमेकींच्या उरावर चढून ढीग करतात. असा ढीग करायला त्यांना कोण शिकवतं? एखादं बिघडलेलं जनुक. ते शोधायला कॅन्सरच्या पेशींमधल्या डीएनएचे तुकडे करायचे, ते निरोगी पेशींत सोडायचे आणि वाट बघायची. जिथे ढीग उठला, तिथे कोणता तुकडा गेला हे तपासायचं. चोर तिथेच सापडतो.

एकदा पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंच्या गाठीचा तुकडा आमच्याकडे आला. त्यांची गाठ नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हती. कोणतं जनुक बिघडलंय ते कळलं, तर डॉक्टर त्यावरचं औषध देणार होते. बाईंना पुन्हा तलावात उतरायचं होतं, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांच्या पेशी लांबट आणि संथ होत्या. माझ्या खालच्या फळीवर दुसऱ्या पेशी होत्या, कुठल्याशा पुरुषाच्या गाठीतून कधीकाळी आलेल्या आणि आम्ही वर्षानुवर्षं पोसलेल्या. त्या भलत्याच हावरट.

आता किळसवाणी गोष्ट ऐका. पेशींना द्यायचं पातळ खाणं बाटलीत असतं. प्रत्येक प्रकारच्या पेशींची बाटली वेगळी ठेवायची, हा या कामातला पहिला धडा. मोठे सर मात्र एकाच बाटलीतून, एकाच पिपेटने, म्हणजे थेंब सोडायच्या बारीक नळीने, सगळ्या बशांना खाऊ घालायचे. एकाच्या तोंडातला चमचा दुसऱ्याच्या तोंडात घालावा, तसं! वेळ वाचतो म्हणायचे. एक दिवस त्या चमच्याबरोबर हावरट पेशी बाईंच्या बशीत पोचल्या. त्या वाढत गेल्या आणि बाईंच्या पेशी उपाशी मरून गेल्या. हे माझ्या पोटात घडलं, पण मला वाचा नव्हती.

सरांनी बाईंचा समजून त्या हावरट पेशींचाच डीएनए तपासला; ढीग मिळाला, जनुक मिळालं. त्यांनी त्या पेशींचा फोटो मोठा करून माझ्यासमोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये लावला. डॉक्टरांनी त्या जनुकावरचं औषध सुरू केलं. बाईंना अन्न पचेना, रोज उलट्या व्हायला लागल्या, आणि गाठ मात्र वाढतच राहिली.

हे भिंगताईच्या कानावर गेलं. ही आमच्याकडची संशोधक, सदा सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसणारी, म्हणून तिचं हे नाव. तिने ती बशी काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी लांबट नव्हत्या. तिने त्या कोणाच्या आहेत याची तपासणी करून घेतली आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, या पेशी पुरुषाच्या आहेत."

सरांनी चहाचा कप नेमका माझ्याच डोक्यावर ठेवला. "निष्कर्ष जाहीर करून बसलोय आपण. आता उकरत बसू नकोस."

"त्या बाई रोज ओकतायत, सर. मी डॉक्टरांना सांगणार आहे."

तिने सांगितलंही. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच आल्या. अंगावरचे कपडे सैल झाले होते. भिंगताईने काहीही न लपवता सगळं सांगितलं. बाईंनी माझ्या काचेतून आत पाहिलं.

"मग माझ्या कुठे गेल्या?"

 मला त्या क्षणी माझ्याच पोटाची शिसारी आली.

गाठीचा नवा तुकडा काढायला बाईंना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. यावेळी भिंगताईने माझं ताट उकळत्या पाण्याने धुतलं, रबरातली बुरशी खरवडली, हावरट पेशी दुसऱ्या खोलीत हलवल्या. बाईंची बाटली वेगळी ठेवली आणि तिला इतर कोणालाही हात लावू दिला नाही. जनुक सापडलं. ते वेगळंच निघालं. औषध बदललं, पण मधला सगळा हिवाळा फुकट गेला होता.

परवा बाई आल्या. केस ओले होते आणि त्यांना तलावातल्या पाण्याचा वास येत होता. गाठ आक्रसली आहे, पण उपचार संपलेले नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. सरांची फ्रेम अजून तिथेच होती, फोटोत त्या पुरुषाच्या पेशी आणि खाली बाईंच्या आजाराचं नाव. बाईंनी ती खिळ्यावरून काढली आणि उलटी करून माझ्या डोक्यावर, मोज्यांवर ठेवली. भिंगताईने अडवलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन असं काम कराल तेव्हा माझं ताट धुवा, दार नीट लावा आणि प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवा. बशीत जे वाढतं, त्याच्या भरवशावर कोणीतरी औषध गिळत असतं.